रिकामी चढाई

“शहाजी, अरं डोळं हैत का गारगोट्या बसवल्यात? त्यो डावा कोपरा बघ की! कुणीबी यावं आन् गुण घिऊन जावं, धर्मशाळा झालीया नुसती!”

मी ओरडले तशी आजूबाजूची माणसं हसली. शहाजीनं मान वळवली नाही. मैदानाच्या पलीकडच्या कडेला, राखीव खेळाडूंच्या बाकड्याशेजारी, तो पाठीमागं हात बांधून उभा होता. त्यानं नुसता उजवा हात जरासा वर केला. म्हणजे, ऐकलं आक्का. ऐकायचं सगळं आणि करायचं आपल्या मनाचं, ही त्याची जुनी खोड.

थंडीचे दिवस होते. इथं आखातात सुट्टी शुक्रवारची; दुपारची नमाज झाल्यावर माणसं उम्म सलाल मोहम्मद या गावी जमली होती. खजुराच्या शेतांमागं एक मोकळी जागा आहे, तिथं निळ्या-पिवळ्या मॅट अंथरून आमची कबड्डी चालते. वारा सुटला की मॅटवर वाळू येते आणि पाय घसरतात, म्हणून राखीव गडी हातात झाडू घेऊनच बसतात. मी माझी खुर्ची घरून आणते. मांडीवर भडंगाचा डबा. सामना संपला की प्रत्येकाला मुठीनं भडंग मिळतं. खेळला तशी मूठ. चांगल्याला भरून, चुकार गड्याला नखावर येईल एवढं. संघाचं नाव कृष्णाकाठ. सगळी सांगली, सातारा, कोल्हापूरकडची माणसं. कुणी फिटर, कुणी वेल्डर, कुणी क्रेनवर. बहुतेकांच्या बायका गावाकडं. त्यामुळं शुक्रवारी ओरडा करायला मी एकटीच असते आणि त्यांनाही तो लागतो, हे मला ठाऊक आहे.

शहाजी या संघाचा मॅनेजर. एरवी तो कंपनीच्या बसवर ड्रायव्हर. पहाटे ओल्ड एअरपोर्टच्या भागातून माणसं उचलायची, रास लफानला गॅसच्या प्लांटवर सोडायची, संध्याकाळी परत आणायची. माझा पोरगा धनाजी त्याच बसनं जातो. शुक्रवारी साहेबांच्या परवानगीनं तीच बस संघाला मिळते, आम्ही घरची माणसंही तिच्यातूनच येतो.

तीन वर्षांमागं धनाजीचा गुडघा गेला. तेव्हा सामने कॅम्पच्या आवारात व्हायचे, बायकापोरांना आत सोडत नसत, म्हणून मी ते पाहिलं नाही. पण नंतरचं पाहिलं. गुडघा बरा होईपर्यंत शहाजीनं बस मोठ्या रस्त्यावर थांबवली नाही. रोज आमच्या गल्लीत घातली, अगदी बिल्डिंगच्या दारापर्यंत, आणि उलटी काढत परत नेली. त्याबद्दल तो कधी एक शब्द बोलला नाही. मी ते विसरलेली नाही. पण उपकार वेगळा आणि कोपऱ्यात कुणाला उभा करायचं ते वेगळं. मी तीन भावांची बहीण. त्यांच्या मातीनं भरलेल्या चड्ड्या धुतल्यात आणि मैदानाच्या बाहेर बसून हुतुतू बघत मोठी झालेय. मला कोपरा कळतो.

त्या दिवशी फायनल होती. समोर दिलावरचा संघ. हरयाणा-पंजाबची माणसं, एकेकाची मांडी माझ्या कमरेएवढी. दिलावर स्वतः उजव्या कोपऱ्यात उभा राहायचा आणि त्याच्या हातात घोटा सापडला की सापडला. पंच होता फजल, बांगलादेशचा. शिट्टी तोंडात धरूनच जन्मला असावा.

आणि माझा धनाजी बाकड्यावर. गुडघ्याला काळी पट्टी, हातात झाडू.

माझ्या शेजारी माझी नात कोमल बसली होती. वय दहा. शुक्रवारी तिला कधी डान्सचा क्लास, कधी कुणाचा वाढदिवस; मैदानावर ती कधी आलीच नव्हती. या वेळी मीच हट्टानं आणली. कारण तिला मी गेली पाच वर्षं, भरवताना, वेणी घालताना, एकच सांगत आलेय, तुझ्या बापाला धरणारा अजून जन्मला नाही. ती ते ऐकून शाळेत बोलली. वर्गातली कुणीशी म्हणाली, “तुझे डॅड तर वेल्डर आहेत ना?” तेव्हापासून पोरगी गप्प झाली होती. आता तिनं आईचा फोन घेतला होता, बाबाचा व्हिडिओ काढून त्या मुलीला दाखवायला. फोन तिच्या मांडीवर पडून होता. काढायला काही नव्हतंच.

“आजी, व्हाय इज बाबा स्वीपिंग?” तिनं विचारलं.

“वाळू हाय म्हणून.”

“यू सेड ही इज द बेस्ट.”

माझ्या सुनेनं, बबीतानं, माझ्याकडं पाहिलं आणि लगेच पदर सारखा करत दुसरीकडं बघितलं. 

मध्यांतराला आपण पाच गुणांनी मागं. मी डबा बबीताच्या मांडीवर ठेवला आणि मैदानाला वळसा घालून थेट शहाजीकडं गेले. पोरं पाणी पीत होती. मला बघून दोघंतिघं बाजूला सरकले.

“काय चाललंय तुझं?” मी म्हटलं.

“बसा आक्का. पाणी घेणार?”

“पाणी पाज तुझ्या कोपऱ्याला. त्याला कशाला हुभा केलाय तिथं? उंटाला पाळण्यात घातल्यागत दिसतंय. आन् धनाजीला झाडू धराय लावतूस व्हय? लाज वाटती का काही?”

“झाडू समदेच मारत्यात, आक्का.”

“समद्यांच्या पोरी आल्यात का बघाया? त्याची आलीया. पैल्यांदा आलीया.”

शहाजीनं वळून पलीकडं पाहिलं. कोमल खुर्चीवर पाय हलवत बसली होती. त्यानं डोक्यावरची टोपी काढली, झटकली, परत घातली. केस सगळे पांढरे झालेत, हे मला तेव्हाच दिसलं. याची कंपनीतली मुदत संपली होती. येत्या बुधवारी विमान. कायमचं. बावीस वर्षं एकाच रस्त्यावर बस चालवून हा माणूस गावाला निघाला होता आणि संघाला हा कप त्याच्यासाठी पाहिजे होता. हे सगळ्यांना माहीत होतं, पण त्याच्यासमोर कुणी बोलत नव्हतं.

“धनाजी खेळणार हाय,” तो म्हणाला.

“कवा? खेळ संपल्यावर?”

“गरज पडली की.”

“गरज आता न्हाई तर मग काय आग लागल्यावर व्हय?”

“आक्का,” तो शांतपणे म्हणाला, “जाताना कोण फुडं बसलंय ते मी बघत न्हाई. येताना समदे बसले का, ते बघतो.”

हे त्याचं नेहमीचं. बसमधलं. रास लफानहून निघताना तो दारात उभा राहून, बोटाच्या पेरांवर माणसं मोजतो आणि सगळी भरल्याशिवाय किल्ली फिरवत नाही. एकदा कुणी संडासात अडकला म्हणून अख्खी बस थांबली होती, साहेबानं मागच्या गाडीतून हॉर्न वाजवला तरी. पण मी विचारतेय कबड्डीचं आणि हा सांगतोय बसचं. मी म्हटलं, “तुझ्या डोक्यात डिझेल गेलंय,” आणि माघारी आले. जाताना धनाजी हळूच म्हणाला, “आई, जाऊ दे ना.” त्यालाही मी सोडलं नाही. “तू गप. तुझ्यामुळंच हे ऐकाय लागतंय.”

दुसऱ्या डावात शिवराजनं मैदान पेटवलं. शिवराज म्हणजे आमच्यातला सगळ्यात तरणा चढाईपटू, तासगावकडचा, अंगानं वेतासारखा. तो आत गेला की कुणाला तरी शिवूनच येत होता. एकदा तर दोघांना अंगावर घेऊन मध्यरेषेवर हात टेकवला. माणसं खुर्च्यांवर उभी राहिली. मी शिट्टी वाजवली तोंडानं, बबीता म्हणाली, “आत्या, अवो लोकं बघत्यात.” बघू देत. समोरचे सगळे बाद करून लोण दिला, बरोबरी झाली आणि मग दोन्हीकडचे गडी पडत पडत आम्ही एका गुणानं पुढं गेलो.

अर्ध्या मिनिटाहून कमी वेळ राहिला. चढाई आपली. शेवटचीच. समोर त्यांचे तीनच गडी उरले होते, त्यात दिलावर.

आमच्या वेळी समोर तीन उरले की ती मेजवानी असायची. घुसायचं, तिघांना मारायचं, लोण देऊन यायचं, गाव खांद्यावर घ्यायचं. आता नियम बदललाय, हे मला नंतर कळलं. तीन किंवा त्याहून कमी गड्यांनी पकड केली, तर त्यांना एकाऐवजी दोन गुण मिळतात. म्हणजे आपला गडी आत पकडला गेला असता, तर एका गुणानं पुढं असलेले आम्ही एका गुणानं हरलो असतो, आणि परत खेळायला वेळही उरला नसता. मैदानावर हे सगळ्यांना माहीत होतं. मला नव्हतं.

शिवराज मध्यरेषेकडं निघालाच होता. शहाजीनं टाइमआउट मागितला. शिवराजला हातानं बोलावून घेतलं आणि बाकड्याकडं बोट केलं.

धनाजीनं झाडू खाली ठेवला.

मी उभी राहिले. “कोमल! फोन धर! धर फोन! आता बघ तुझा बाप!” पोरीनं दोन्ही हातांनी फोन वर धरला. तिकडं शिवराज रडकुंडीला आला होता. “मामा, मी आनतो की तिघांलाबी! मामा!” शहाजीनं त्याच्या मानेवर हात ठेवला आणि त्याला शेजारी उभा करून घेतला. धनाजीच्या कानात दोन शब्द सांगितले. धनाजीनं मान हलवली, वाकून मॅटला हात लावला, कपाळाला लावला आणि दम घेऊन आत शिरला.

“कबड्डी कबड्डी कबड्डी...”

माझ्या पोराचा आवाज. मॅटवर तीन वर्षांनी.

तो पुढं गेला. निदान रेषा ओलांडली. ती नाही ओलांडली तर चढाई धरत नाहीत. आणि मग तो थांबला. डावीकडं दोन पावलं. उजवीकडं दोन पावलं. हात पुढं नाही, पाय पुढं नाही. मधला गडी मुद्दाम जवळ आला, छाती पुढं काढली, घे म्हणाला. धनाजीनं घेतला नाही.

“अरं, हात घाल!” मी ओरडले. “समोर हाय की! हात घाल, धना!”

दिलावर हसत पाय पुढं सरकवत होता. हातभर अंतरावर ठेवलेला पाय, मांजरापुढं दूध ठेवावं तसा. गर्दीतून शिट्ट्या सुरू झाल्या. कुणीतरी हिंदीत ओरडलं, “डर गया क्या, चाचा?” धनाजीच्या कानशिलावरची शीर मला इथून दिसत होती. लहानपणी कुणी डिवचलं की ती अशीच फुगायची आणि मग तो हातातलं टाकून अंगावर धावून जायचा. मला वाटलं, आता जाणार. जाऊ दे, असंच मला वाटत होतं.

तो गेला नाही. तोंडानं कबड्डी चालू, डोळे तिघांवर आणि पाय हळूहळू मागं. तेवढ्यात दिलावर झेपावला. त्याची बोटं धनाजीच्या घोट्यावर पडणार, तोच धनाजीनं पाय उचलून घेतला. दुखऱ्या गुडघ्यावर सगळा भार आला, तो वाकडा झाला, पडतोय की काय असं झालं आणि पडता पडता तो मध्यरेषेच्या अलीकडं आला. एकटा. फजलची लांब शिट्टी वाजली. खलास.

आमची माणसं मॅटवर धावली. कुणी कुणाला उचललं काही कळेना. मी मात्र तिथंच उभी. माझ्या तोंडात शिव्याच होत्या. “काय आणलंस रं? काय आणलंस तू? मोकळ्या हातानं आलास!”

“आजी, वी वन!” कोमल माझा पदर ओढत होती.

“काय जिंकलं? तुझ्या बापानं एक माणूस मारला न्हाई.”

पोरगी माझ्याकडं बघायला लागली. मग फोनमध्ये बघितलं. मग मैदानाकडं. तिकडं धनाजी मॅटवर बसला होता, गुडघा दोन्ही हातांत धरून, आणि शिवराज त्याच्या गळ्यात पडून हमसून रडत होता.

“दे ऑल ट्राइड, आजी,” ती हळू म्हणाली. “थ्री पीपल. बट ही केम बॅक.” आणि फोन माझ्या हातात कोंबून ती मैदानात पळाली. मी तिला असं पळताना कधी पाहिलं नव्हतं. बूट घालून मॅटवर चढली. फजलनं शिट्टी वाजवली, तिनं ऐकली नाही.

मी डबा घेऊन शहाजीकडं गेले. सगळे कपाभोवती होते. हा मात्र बाकड्याजवळ झाडू गोळा करत होता.

“आता सांग,” मी म्हटलं.

त्यानं मला तो दोन गुणांचा नियम सांगितला. मी ऐकून घेतला. नियम करणाऱ्यालाही दोन शब्द सुनावले.

“पर शिवराज का न्हाई? त्याला सांगायचं, नुसता जाऊन ये म्हणून.”

“सांगितलं असतं. त्यानं मान बी हलवली असती.” शहाजी हसला. “आन् दिलावरनं पाय फुडं केल्यावर घातला असता हात. त्याच्या वयात मीबी घातला असता. लोक शिट्ट्या मारत्यात, डर गया म्हनत्यात, आन् तरी मोकळ्या हातानं परत यायचं, हे तरण्या माणसाचं काम न्हाई, आक्का. ह्ये ज्याला जमतं त्यो एकच गडी हाय माझ्याकडं. म्हनून त्याला सुरवातीपासनं राखून ठेवला. गुडघा एकाच चढाईचा हाय त्याचा. ती वाया कशी घालवू?”

मैदानात कोमल बापाच्या गुडघ्यावरची पट्टी सोडत होती. तो तिला काहीतरी सांगत होता आणि ती मराठीत, मोडकंतोडकं, “दुखतंय का, दुखतंय का,” विचारत होती. बबीता थोड्या अंतरावर उभी राहून डोळे पुसत होती. पदर आता सारखा करत नव्हती.

आमच्याकडं आपल्या माणसाचे आभार मानायची रीत नाही. इथली माणसं उठताबसता शुक्रन म्हणतात, मला ते जमत नाही. जीभच वळत नाही. मी शहाजीच्या डोक्यावरची टोपी काढली, उलटी केली आणि डबा तिच्यात ओतला. मूठ लावली नाही. भडंग टोपीतून सांडून मॅटवर पडायला लागलं.

“आवं आक्का, पोरांला?”

“पोरांला नखावर पुरंल तेवढं हाय बुडाला. तू खा. विमानात ते सुकं पाव देत्यात.”

त्यानं एक शेंगदाणा उचलून तोंडात टाकला. बराच वेळ चावत राहिला.

“पर डावा कोपरा चुकलाच तुझा,” मी म्हटलं. “ते मी मरंस्तोवर म्हननार.”

“चुकला, आक्का,” तो म्हणाला. “पार चुकला.”

येताना बसमध्ये कप शेवटच्या सीटवर, पोरांच्या मधोमध होता. शहाजी नेहमीसारखा दारात उभा राहिला, पेरांवर अंगठा फिरवला आणि मग किल्ली लावली. रस्ताभर गाणी चालली होती. कोमल बापाच्या खांद्यावर झोपली. आमच्या गल्लीपाशी बस मोठ्या रस्त्यावर थांबली नाही. त्यानं ती आत घातली, बिल्डिंगच्या दारापर्यंत, आणि धनाजी पायरी उतरून पुरता उभा राहीपर्यंत इंजिन तसंच चालू ठेवलं.

बुधवारी तो गेला. धनाजी ड्युटीवर होता, त्यामुळं विमानतळावर आमच्याकडून कुणी गेलं नाही. गावी पोचल्याचा फोन आला. इथल्या खोलीला कुलूप लावून निघताना सवयीनं पेरं मोजली, म्हणाला.

फायनल झाली म्हणून शुक्रवार काही सुटत नाही. पुढच्या शुक्रवारी सरावाला बस आली. ड्रायव्हर नवा, रिफत नावाचा, केरळचा, दाढी नीट कोरलेली. कोमल या वेळी स्वतःहून निघाली. डान्सच्या क्लासचं नावही काढलं नाही. सराव झाला, वारा वाढला, मॅट गुंडाळल्या, माणसं भराभर बसमध्ये चढली. रिफतनं आरशात केस बघितले आणि “यल्ला” म्हणत किल्ली फिरवली.

“रुको!” मी पुढच्या सीटवरून उठले. “रुको रे बाबा. गिनती बाकी है.”

तो माझ्याकडं बघायला लागला. मी दांड्याला धरून दाराशी उभी राहिले. एकेकाकडं बघत, पेरांवर अंगठा फिरवत शेवटपर्यंत गेले. एक कमी आला. पुन्हा मोजलं. पुन्हा एक कमी.

“थांब जरा,” मी रिफतला म्हटलं. “एकजण ऱ्हायलाय खाली.”

कुणी हललं नाही. शिवराजनं खिडकीकडं तोंड फिरवलं. मग धनाजी उठला, लंगडत पुढं आला आणि माझा हात धरून मला सीटवर बसवलं.

“आई,” तो म्हणाला, “शहाजीमामाला धरून मोजतीयास तू.”

बस हलली. मी मुठीत पेरं मिटून घेतली आणि खिडकीतून मैदान मागं जाताना बघत राहिले.